गादीवरची वही

माझ्याकडे सात वह्या आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, खतावणीसारख्या. १९६७ साली वाईजवळच्या आमच्या गावातून मी पुण्याला आलो आणि लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात कामाला लागलो. वय सतरा. पंधरा दिवस नुसत्या घड्या घातल्या. सोळाव्या दिवशी मालकांनी पहिली वही हातात दिली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. म्हणाले, "गिऱ्हाइकानं काय घेतलं ते बिलात असतं. काय नको म्हटलं ते यात लिहायचं. आणि कोण नको म्हणालं, तेही."

ते शेवटचं वाक्य कळायला मला बरीच वर्षं लागली. २०१५ साली काम थांबवलं तोवर लिहीत होतो. आता दुपारी वह्या काढून वाचत बसतो. लोक शहरात येऊन काय नेसायचं ते कसं ठरवत गेले, याचा इतिहास मला दुसरीकडे कुठे सलग वाचायला मिळाला नाही, म्हणून या वह्यांच्या आधाराने लिहितो आहे. मागचं जे माझ्या आधीचं आहे ते बरंचसं अण्णांकडून ऐकलेलं, काही वाचलेलं.

लक्ष्मी रस्ता नंतरचा. पेठा आणि त्यांतला कापडाचा व्यापार त्याहून जुना. पेशवाईत पुण्यात रेशीम, जर, किनखाब, शालू, पागोटी यांना मोठं गिऱ्हाईक होतं, कारण दरबार होता, सरदार होते, श्रावणातली दक्षिणा होती, मानाची वस्त्रं द्यायची पद्धत होती. १८१८ ला पेशवाई गेली आणि ते गिऱ्हाईक ओसरलं. १८५८ साली खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत रेल्वे आली, १८६३ ला बोरघाटातून गाडी धावू लागली आणि मुंबई बंदरात उतरलेलं विलायती कापड थेट पुण्याच्या पेठांत येऊन पडलं. स्वस्त, तलम, एकसारखं. हातमागाच्या माणसाला ते झेपलं नाही.

म्हणून पुण्यात कपडा हा फार आधीपासून नुसत्या हौसेचा विषय राहिला नाही. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून गेले होते. ७ ऑक्टोबर १९०५ ला सावरकर आणि त्यांच्याबरोबरच्या विद्यार्थ्यांनी याच शहरात विलायती कपड्यांची होळी केली. अण्णांचे वडील तेव्हा रविवार पेठेत कापड विकत. होळीनंतर कित्येक दिवस गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतानाच विचारायचं, "देशी आहे ना?" त्या पिढीला कापडाचा पोत बोटांनी ओळखता येत होता आणि ते कुठून आलं याची लाजही होती, अभिमानही होता. मला या गोष्टीचं फार वाटतं. आजच्या गिऱ्हाइकाने तो प्रश्न विचारावा, असं अजूनही वाटतं.

पण अण्णांच्या वडिलांच्या दुकानात बायका येत नसत. हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. घरातला कर्ता पुरुष यायचा, लुगडी बघायचा, चार-सहा घरी पाठवा म्हणायचा. नोकर गठ्ठा डोक्यावर घेऊन वाड्यावर जायचा, ओसरीवर बसायचा, गठ्ठा माजघरात जायचा. आतून दोन लुगडी ठेवून बाकीची परत. नको म्हणणारी बाई दुकानदाराला कधी दिसायची नाही. तिचा आवाजही नाही. कोणत्या वाड्यातून कोणता रंग हमखास परत येतो, यावरून तिची आवड ओळखायची. नाकारलेल्या मालाची नोंद ठेवायची चाल आमच्या दुकानात तिथून आली. पडद्याआडच्या बाईला ओळखायचा तो एकच मार्ग होता.

बायका पेठेत स्वतः येऊ लागल्या त्या आधी तुळशीबागेत. तिथे नारो आप्पाजी खिरे, म्हणजे तुळशीबागवाले, यांनी बांधलेलं राममंदिर. देवाला जायचं म्हणून निघायचं, येताना बांगड्या, फण्या, कुंकवाचे करंडे, भातुकलीची भांडी घ्यायची. देवळाच्या वाटेवरचा बाजार बाईला मोकळा होता. दुसरी वाट शाळेची. १८८४ ला निघालेली मुलींची हुजूरपागा शाळा आज ज्याला आपण लक्ष्मी रस्ता म्हणतो तिथेच आहे. शाळेत जाणारी मुलगी रोज दुकानांसमोरून जाणार, बघणार, घरी येऊन मागणार. अण्णा म्हणत, आमच्या धंद्यावर सगळ्यात मोठे उपकार कुणाचे असतील तर शाळांचे.

लुगडं नऊवारी आणि पातळ गोल, हा झगडा आता कुणाला खरा वाटणार नाही. १९३० आणि ४० च्या दशकांत तो घराघरात होता. काष्टा घालून नेसायचं नऊवारी सोडून परकरावर गोल नेसायचं, म्हणजे सासूच्या डोळ्यांसमोर काहीतरी मोडायचं. स्वयंपाकघरात आणि देवघरात नऊवारीच हवं, बाहेर जाताना गोल चालेल, अशी तडजोड कितीतरी घरांत झाली. १९३० साली किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं, ते गावोगाव वाचलं गेलं. मग महायुद्ध आलं. १९४३ ला कापडावर नियंत्रण आलं आणि लोकांच्या तोंडी 'कंट्रोलचं कापड' हा शब्द बसला. नऊ वार कापड मिळवणं मुश्किल; पाच-सहा वारांत भागतंय म्हटल्यावर बऱ्याच सासवांचा विरोध मऊ झाला, असं अण्णांचं म्हणणं. मला ते पटतं. मोठे बदल नेहमी मोठ्या विचारानेच होतात असं नाही, टंचाईनेही होतात. पुढे वार जाऊन मीटर आले. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला जेमतेम कमी. दुकानातली मोजपट्टी बदलली, बिलावर मीटर आले, पण नऊवारी ही नऊवारीच राहिली.

आता बस्त्याबद्दल, कारण माझं आयुष्य त्यात गेलं.

बस्ता हा शब्द फारसीतून आलेला. बांधलेलं ते बस्ता. लग्नाची सगळी कापडखरेदी एका दिवशी, एका दुकानात, दोन्हीकडच्या माणसांसमक्ष करायची आणि गठ्ठे बांधून न्यायचे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी सुटली आणि पाच-दहा वर्षांत तालुक्यातालुक्यातून पुण्याला येणं सोपं झालं. माझ्या उमेदीच्या काळात सातारा, फलटण, बारामती, शिरूर, जुन्नर, नगर इथून बस्ते यायचे. पहाटेची एसटी नाहीतर ठरवलेला ट्रक. तीस-चाळीस माणसं. दोन्हीकडचे आईबाप, चुलते, मामा, आत्या, मावश्या, भावकीतले ज्येष्ठ, शिवाय 'भाव करणारा' म्हणून खास आणलेला एक जण. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, डोक्यात अबोलीचे गजरे, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्यातल्या काहींनी त्याआधी पुणं बघितलेलं नसायचं. खरेदी संपली की सारसबागेतला गणपती, पेशवे पार्कातला वाघ, तुळशीबाग आणि परतीची गाडी, असा तो दिवस. वर्षानुवर्षं पुरेल एवढं बोलणं त्या एका दिवसात साठायचं.

बस्ता उलगडायची रीत ठरलेली. सगळ्यात आधी देवाचं: कुलदेवीची साडी आणि खण. त्याला हळदकुंकू लागल्याशिवाय दुसरी घडी मोडायची नाही. मग नवरीचं: हळदीचं, साखरपुड्याचं, पिवळी अष्टपुत्री, शालू. मग विहिणीची मानाची, करवलीची, मग आत्या-मावश्या-माम्या, आणि शेवटी आहेराची पातळं, ती डझनावारी. पुरुषांचे फेटे, टॉवेल, टोप्या वेगळ्या. वाद व्हायचा तो विहिणीच्या साडीवर. तिथे गादीवरच्या माणसाची कसोटी असे.

आता माझ्या नातीने सांगितलं की मोठ्या शहरांत गिऱ्हाइकाबरोबर फिरून कपडे निवडून देणारा माणूस पैसे देऊन ठेवतात, त्याला पर्सनल शॉपर म्हणतात. आम्ही ते काम पांढऱ्या चादरीवर मांडी घालून केलं. पहिली साडी कधी सर्वांत चांगली टाकायची नाही. मधली टाकायची आणि कुणाचा हात आधी पुढे येतो ते बघायचं. बोलतो एक, पैसे दुसऱ्याकडे असतात आणि ठरवतं तिसरंच कुणीतरी. किती पैशांपर्यंत, असं तोंडावर विचारायचं नाही. माणसं खाली बघतात. तीन भावांच्या तीन साड्या शेजारी ठेवायच्या आणि बाईचा हात कुठे रेंगाळतो त्यावरून समजून घ्यायचं. निऱ्या स्वतःच्या कमरेला खोचून, पदर खांद्यावर टाकून उभं राहायचं. पहिल्या दिवशी मला संकोच वाटला. अण्णा म्हणाले, "तुझ्या अंगावर ती साडी तिची आहे, हे लक्षात ठेव." आणि ट्यूबलाइटखाली रंग दाखवून विकायची नाही. दारात, उजेडात न्यायची. ट्यूबलाइटखाली मोरपंखी हिरवा वाटतो आणि घरी गेल्यावर निळा. फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हा झाला व्यवहार. पण लग्नातल्या साडीत बाई फसली तर तिला ते जन्मभर आठवतं, हे त्याहून वाईट.

रंगांची नावं मी वहीत लिहिली आहेत तशी इथे देतो, कारण ती बोलण्यातून जात चालली आहेत: आमसुली, गुलबक्षी, अंजिरी, चिंतामणी, डाळिंबी, कुसुंबी, शेवाळी, श्रीखंडी, मोतिया, वांगी, अबोली. बहुतेक नावं स्वयंपाकघरातली नाहीतर परसातली. शेवटच्या दोन वह्यांत पीच, मिंट, ऑनियन असे शब्द येतात. ऑनियन म्हणजे कांदा, तेव्हा तोही स्वयंपाकघरातलाच; पण कांद्याच्या पातीचा रंग वेगळा आणि सालीचा वेगळा, हे आम्हाला शब्दातच कळायचं.

आमचं वर्ष पंचांगावर चालायचं. संक्रांतीला काळी साडी. एरवी मंगलकार्यात काळं वर्ज्य, पण संक्रांतीला लाल काठाची काळी चंद्रकळा नव्या सुनेला घ्यायचीच, हलव्याचे दागिने तिच्यावर खुलतात. चैत्र-वैशाखात लग्नं. चातुर्मासात बस्ते बंद. श्रावणात मंगळागौरीसाठी नऊवारी. भाद्रपदात गौरींना साड्या. तो माल लहान घडीचा, चकचकीत काठाचा. पितृपक्षात दुकानात शुकशुकाट. तेव्हा आम्ही सगळा माल उतरवून झटकायचो आणि अण्णा मुंबईला मूळजी जेठा मार्केटात दिवाळीची खरेदी करायला जायचे. तिथून आल्यावर ते सांगायचे, "यंदा काठ बारीक झालेत," किंवा "यंदा पदर भरलेला चालतोय." नवी तऱ्हा आमच्या रस्त्याला अशी कळायची, घाऊक बाजारातून आलेल्या एका वाक्यात.

आणि सिनेमातून. मी आलो त्याच्या पुढच्याच वर्षी 'ब्रह्मचारी' लागला आणि मुमताजने नेसली तशी घट्ट बसणारी साडी मुली मागू लागल्या. आम्ही साड्या विकणारे. ती नेसायची कशी हे आम्हाला कोण सांगणार? एका मुलीने गादीसमोर उभं राहून मला दाखवलं, आणि तिची आई दाराकडे तोंड करून उभी राहिली. १९९४ ला 'हम आपके हैं कौन' आला तेव्हा दिवाळीपासून पुढची अख्खी लग्नसराई 'माधुरीची जांभळी' संपत नव्हती. साताऱ्याकडून आलेल्या नवऱ्यामुलीही तीच मागत होत्या. तोवर शहर आणि गाव यांच्या मागणीत एका वर्षाचं अंतर असे. जी तऱ्हा पुण्यात यंदा, ती फलटणला पुढल्या वर्षी. ते अंतर त्या साडीने पुसलं. पुढे २००४ ला सुरू झालेल्या 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमाने पैठणी घराघरात पोचवली. येवल्याची खरी हातमागाची पैठणी आमच्याकडे वर्षाला मोजकीच खपायची. त्यानंतर सेमी पैठणीचे ढीग आले. मी गिऱ्हाइकाला नेहमी उलटी बाजू दाखवायचो. हातमागावर विणलेल्या पैठणीचा मोर दोन्हीकडून सारखा दिसतो. यंत्रावरच्या साडीला मागे धागे सुटलेले असतात. घ्या, पण माहीत असून घ्या.

वर्षांमध्ये १९७२ वेगळं काढून ठेवावं लागेल. दुष्काळाचं. त्या वहीत पानंच्या पानं कोरी आहेत. बस्ते आले ते पाच-सात माणसांचे. एक कुटुंब नवरीच्या एका साडीसाठी आलं. मुलीचा बाप खडी फोडायच्या कामावर जात होता. त्याचे हात रेशमाला अडकत होते म्हणून तो साडीला हात लावत नव्हता. अण्णांनी त्या साडीवर खण आणि आहेराची दोन पातळं बांधून दिली आणि त्याचं बिल केलं नाही. मला म्हणाले, "हे वहीत लिहू नको." मी लिहिलं नव्हतं. आज लिहितो.

आता त्या 'कोण नको म्हणालं' कडे येतो. पहिल्या वहीत, १९६७ ते ७३ च्या, त्या रकान्यात नावं आहेत ती अशी: मामा. थोरले चुलते. मुलाकडचे आबा. विहीण. मोठी जाऊ. नवरी हा शब्द त्या रकान्यात मला फक्त तीन ठिकाणी सापडला. नवरी बस्त्याला यायचीच असं नव्हतं. आलीच तर मागच्या रांगेत, आत्याच्या आड बसायची. तिच्या अंगाला साडी लावून बघायची झाली तर तिची बहीण उभी राहायची. मी कोवळ्या वयाचा, तिच्याएवढाच, मला वाटायचं हिला विचारावं. एकदा विचारलं, "ताई, तुम्हाला कोणता?" सगळी गादी गप्प झाली. ती म्हणाली, "मोठी म्हणतील तो." वहीत मी त्या दिवशी काही लिहिलं नाही.

आणि विधवा बायका. अण्णांच्या लहानपणी केशवपन केलेल्या बायकांचं लाल आलवण दुकानात वेगळ्या फळीवर असे आणि ते न्यायला पुरुष माणूसच यायचा. १८९६ ला धोंडो केशव कर्व्यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. त्याच्या आसपासच्या पिढीने ती फळी हळूहळू रिकामी केली. माझ्या काळात आलवण नव्हतं. पण बस्त्यात शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "आणि आत्याला साधंच द्या." साधंच म्हणजे श्रीखंडी, बिस्किटी, मोतिया, फार तर फिकट जांभळा, बारीक काठाचं. आत्या दाराजवळ बसलेली असायची. मी घडी पुढे करायचो, ती हात न लावता मान हलवायची. शेकडो वेळा मी ती घडी बांधली. नाकारलेल्या मालात आत्याच्या नावावर एकही नोंद नाही, कारण तिच्यापुढे दुसरी साडी कधी टाकलीच नव्हती.

बदल एका वर्षात झाला नाही. चौथ्या वहीपासून, १९८० च्या दशकात, नवरी पुढच्या रांगेत दिसते. बहुतेक शिकलेल्या, काही नोकरी करणाऱ्या. आधी ती आईच्या कानात सांगायची आणि आई मला. मग थेट. पाचव्या वहीत एका पानावर मी अक्षर मोठं करून लिहिलं आहे: "नवरी, २३ साड्या नाकारल्या." अण्णा थकले होते, गल्ल्याजवळ बसून असत. संध्याकाळी वही बघताना त्या पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. त्यांच्या वडिलांना ज्या बाईची आवड परत आलेल्या गठ्ठ्यावरून ओळखावी लागे, ती आता समोर बसून तेवीस वेळा नको म्हणत होती.

पुढे मोठाले बस्ते कमी झाले. तालुक्याच्या गावीच दोन-दोन मजल्यांची दुकानं झाली. नवरीला लेहंगा हवा असतो, नवऱ्यामुलाला शेरवानी. गाद्या जाऊन आमच्याकडे काउंटर आणि खुर्च्या आल्या. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांसाठी ते बरंच झालं. खांद्यावर पदर टाकून मी शेवटपर्यंत उभा राहिलो, नंतरच्या मुलांनी ते पुतळ्यांवर सोपवलं.

सातव्या वहीतली शेवटची नोंद २०१५ च्या वैशाखातली आहे. लग्न मुलाचं. मुलगा, त्याची आई, मामा आणि मामी. आईच्या कपाळाला कुंकू नव्हतं. मामांनी सगळ्यांचं झाल्यावर सांगितलं, "ताईला जरा साधं, फिकं काढा." मी सवयीने श्रीखंडी टाकली. तिने घडी हातात घेतली, उलगडली, उजेडाकडे धरली, परत घातली आणि माझ्याकडे सरकवली. मी बिस्किटी टाकली. तीही सरकवली. मोतिया, मग फिकट अबोली. मामा काही बोलणार होते, पण मुलगा म्हणाला, "मामा, तिचं तिला बघू द्या." मी फळीवरून इरकलींचा गठ्ठा उतरवला. तो उघडायच्या आधीच ती म्हणाली, "गोमी काठात डाळिंबी असेल तर बघा."

वहीत आहे ते असं:

नाकारल्या: श्रीखंडी, बिस्किटी, मोतिया, अबोली.
घेतली: डाळिंबी इरकल, गोमी काठ, टोपपदर.
कोण नको म्हणालं: मुलाची आई.